गरम गोळ्याच्या पाठीमागे काय चालतं

गरम गोळा वाऱ्यात धरला की गार होतो, हे शाळकरी पोरही सांगेल. त्याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. गार होता होता तो गोळा आपल्याभोवतीचा वाराच बदलून टाकतो. त्याला घासून गेलेली हवा तापते, हलकी होते आणि वर जाऊ पाहते. वाऱ्याला तिला भलतीकडेच न्यायचं असतं. या ओढाताणीची पुढच्या बाजूला फारशी खूण दिसत नाही. खरा निकाल लागतो गोळ्याच्या पाठीमागे. तो तिथेच का लागतो, हे कळायला आधी गोळा थंड ठेवून त्याच्यामागे काय घडतं ते पाहावं लागेल.

प्रवाह कसा वागणार, याचा पहिला अंदाज रेनॉल्ड्स संख्येवरून येतो. प्रवाहाचा वेग गुणिले गोळ्याचा व्यास, आणि या गुणाकाराला त्या द्रायूच्या चिकटपणाने भागायचं (चिकटपणा घनतेने भागून घेतलेला). द्रायू म्हणजे वाहणारं काहीही: हवा, पाणी, तेल. संख्या लहान असली की चिकटपणाचं राज्य, मोठी असली की वेगाचं.

मधात खसखशीचा दाणा सोडला तर ही संख्या एकापेक्षा कितीतरी कमी असते. १८५१ साली जॉर्ज स्टोक्स यांनी याच टोकाचं गणित सोडवलं. तिथे द्रायू गोळ्याला जसा वळसा घालून येतो तसाच मागे पुन्हा मिटतो. पुढची आणि मागची बाजू इतकी सारखी, की प्रवाहाच्या रेषांचं चित्र दाखवलं तर तो कुठून कुठे चाललाय हे सांगता येणार नाही.

संख्या २० ते २४ च्या घरात पोचली की मागे काहीतरी नवं दिसू लागतं. जपानच्या तानेदा यांनी १९५६ मध्ये हे प्रयोगात पाहिलं. गोळ्याच्या पाठीला चिकटून भोवऱ्याचं एक कडं तयार होतं. कारण दाबात आहे. गोळ्याच्या फुगीर मध्यापर्यंत येताना द्रायूचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. मध्य ओलांडला की दाब परत चढायला लागतो. घाटातल्या उतारावर पूर्ण वेळ ब्रेक दाबून आलेला सायकलवाला समोरच्या चढावर अर्ध्यातच थांबतो ना, तशी गत पृष्ठभागालगतच्या पातळ थराची होते. त्याने आपला वेग गोळ्याला घासण्यात घालवलेला असतो, त्यामुळे मागच्या वाढत्या दाबाविरुद्ध जायला ताकद उरत नाही. तो पृष्ठभाग सोडून बाजूला होतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत द्रायू फिरत राहतो.

या कड्यातलं फिरणं नीट डोळ्यांसमोर आणा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कड्याच्या बाहेरच्या अंगाने द्रायू मुख्य प्रवाहाबरोबर पुढे जातो. आतल्या अंगाने, म्हणजे बरोबर गोळ्याच्या मागच्या मध्यरेषेवर, तो उलटा फिरून गोळ्याकडे येतो. आणि हे सारं बरंच सावकाश चालतं. बाहेरच्या प्रवाहाच्या मानाने आतला वेग थोडका असतो. रेनॉल्ड्स संख्या १०० झाली की हे कडं लांबीला जवळजवळ ०.९ व्यास भरतं.

साधारण २१० पर्यंत कडं सगळ्या बाजूंनी सारखं राहतं. पुढे त्याचा एक अंग जड होतो. प्रवाह अजून स्थिरच असतो, पण मागे दोन समांतर धागे लांबत जातात. १९६१ मध्ये मागार्वी आणि बिशप यांनी पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवाचे रंगीत थेंब सोडून हे दुहेरी धागे पाहिले होते. १९९३ मध्ये नटराजन आणि अक्रिव्होस यांनी गणिताने दोन उंबरठे काढले: २१० ला सममिती मोडते, २७७ च्या आसपास स्थिरपणाही जातो. त्यापुढे कड्यातून एकामागून एक भोवरे सुटायला लागतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हेअरपिन म्हणतात. लाखांच्या घरातल्या रेनॉल्ड्स संख्येला आणखी गमती होतात, पण तो क्रिकेटवाल्यांचा प्रांत, तो इथे नको.

आता गोळा तापवू.

उष्णतेचं बळ मोजायचा मला सर्वात सोयीचा वाटणारा मार्ग म्हणजे तिला स्वतःचा एक वेग आहे असं धरणं. वारा पूर्ण बंद असला तरी तापलेली हवा वर चढतेच. किती जोरात? गुरुत्वाकर्षणाचा त्वरण (९.८), हवा किती टक्के हलकी झाली ते, आणि गोळ्याचा व्यास, तिन्ही गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं. एक सेंटीमीटरचा गोळा, भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी गरम. त्याला लागलेली हवा सुमारे १५ टक्के हलकी होते. ९.८ गुणिले ०.१५ गुणिले ०.०१, त्याचं वर्गमूळ ०.१२. म्हणजे सेकंदाला साधारण १२ सेंटीमीटर. हा काही हवेच्या प्रत्येक कणाचा नेमका वेग नव्हे, पण मामला कोणत्या पट्टीत आहे ते यावरून कळतं.

या वेगाला बाहेरच्या वाऱ्याच्या वेगाने भागा आणि वर्ग करा. मिळतो तो रिचर्डसन अंक. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज हवामानशास्त्रज्ञ. वातावरणातली खळबळ कधी टिकते आणि कधी विरते, या प्रश्नावर १९२० साली काम करताना त्यांनी मांडलेल्या तुलनेवरून हे नाव पडलं. आपल्या गोळ्यावर सेकंदाला १० सेंटीमीटरचा वारा असेल तर अंक दीडच्या आसपास, म्हणजे उष्णता वाऱ्याला भारी. तोच वारा सेकंदाला एक मीटर केला तर अंक ०.०१५ वर येतो आणि गोळा थंड असल्यासारखाच प्रवाह दिसतो. वेग दहापट वाढला की अंक शंभरपट घसरतो, कारण वेगाचा वर्ग होतो. म्हणूनच पंख्याखाली ठेवलेल्या चहाच्या कपाबाबत प्लावक बलाची, म्हणजे हलक्या झालेल्या हवेला वर ढकलणाऱ्या बलाची, चिंता कुणी करत नाही.

पण अंक ०.१ किंवा ०.२ असेल तेव्हा काय? हिशेबाने वारा अजून कितीतरी वरचढ आहे. तरी गोळ्याच्या मागे चित्र बदललेलं दिसतं, आणि मला या विषयातली हीच सर्वात रंजक जागा वाटते. भागाकारात आपण बाहेरच्या वाऱ्याचा वेग घेतला. कड्याच्या आत वेग त्याच्या मानाने थोडका आहे. उलट उष्णता साचते ती तिथेच, कारण तो द्रायू घोळत राहतो, लवकर निघून जात नाही. जिथे वारा सर्वात दुबळा, तिथेच हवा सर्वात वेळ तापत बसलेली. बाहेर नगण्य असलेलं प्लावक बल इथे मात्र दादागिरी करू शकतं. गोल सिलिंडरवर झालेल्या गणनाही हेच सांगतात. वर जाणाऱ्या हवेत, रेनॉल्ड्स संख्या १०० असताना, सिलिंडरमागे आलटून पालटून सुटणारे भोवरे रिचर्डसन अंक ०.१५ च्या आसपास पोचताच बंद पडतात.

आता प्रश्न दिशेचा. वारा खालून वर वाहतोय आणि गोळा गरम आहे असं धरा. कडं गोळ्याच्या वर बसलेलं आहे. त्याच्या मध्यरेषेवर द्रायू गोळ्याकडे, म्हणजे खाली येतोय. पण मध्यरेषेवरची हवाच सर्वात गरम. तिला वर जायचंय. प्लावक बल कड्याच्या फिरण्याला नेमकं त्याच्या कण्यातच उलटं ढकलतं. शिवाय गोळ्याच्या अंगाला लागून वर सरकणाऱ्या थरालाही गरम झाल्यामुळे जोर मिळतो, त्यामुळे तो पृष्ठभाग उशिरा सोडतो. तापमान वाढवत न्या: कडं आखूड होतं, मग चपटं होतं, आणि एका टप्प्यावर नाहीसंच होतं. त्याच्या जागी वर झेपावणारी गरम हवेची एक बारीक धार उरते, आणि तिच्या मध्यावरचा वेग बाहेरच्या वाऱ्यापेक्षाही जास्त असू शकतो. आधी जिथे मागची हवा रखडत होती, तिथे आता ती सगळ्यांत पुढे.

वारा वरून खाली येत असेल तर सगळं उलटं. आता कडं गोळ्याच्या खाली आहे. मध्यरेषेवर द्रायू गोळ्याकडे, म्हणजे वर येतोय, आणि गरम हवेलाही वरच जायचंय. दोघांचं एकमत झालं. कडं फुगतं, रुंद होतं, थर लवकर सुटतो, आणि जे डळमळणं थंड गोळ्यामागे २७७ ला सुरू होतं ते कमी रेनॉल्ड्स संख्येलाच सुरू होऊ शकतं. उष्णतेचा वेग वाऱ्याच्या बरोबरीला आला की गरम हवा गोळ्याच्या कडांनी वाऱ्याविरुद्ध वर घुसू पाहते. वारा तिला खाली दाबतो, ती पुन्हा उसळते. गोळा आपल्याच गरम हवेच्या टोपात गुरफटून बसतो.

आडव्या वाऱ्यात कडं एका बाजूने वर उचललं जातं. वर-खाली असा फरक सुरुवातीपासूनच असल्याने पूर्ण गोल सममिती मुळी जन्मालाच येत नाही. मागचा पट्टा तिरपा वर चढतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन लांबट भोवरे दिसतात. थंड गोळ्याला ज्यासाठी २१० चा उंबरठा ओलांडावा लागतो, ते इथे आधीच होऊन बसलेलं असतं.

गरम गोळ्याऐवजी भोवतालच्या हवेपेक्षा थंड गोळा घेतला तर वर-खालीची अदलाबदल करा, बाकी गोष्ट तीच. बर्फाच्या गोळ्याला वरून खाली येणारा वारा साथ देतो.

हे घरी पाहता येतं. सकाळचं तिरपं ऊन खिडकीतून पांढऱ्या भिंतीवर पडत असेल तेव्हा बेअरिंगमधला मोठा पोलादी छर्रा तव्यावर चांगला तापवून सांडशीत धरायचा, भिंतीपासून हात-दीड हातावर. भिंतीवर छर्‍याची सावली पडेल आणि तिच्या डोक्यावर उजेड-अंधाराची एक फिकट, थरथरती शेपटी दिसेल. गरम हवेतून प्रकाश किंचित वळतो, म्हणून हवेचीही सावली पडते. दाराआडून वारा येत नसेल तर शेपटी सरळ उभी. अगदी हलकी फुंकर मारा, ती कलते. जोराची फुंकर मारा, ती जवळपास दिसेनाशीच होते. गरम हवेचा थर इतका पातळ होतो की भिंतीवर त्याची खूण उमटत नाही. अडीच सेंटीमीटरचा छर्रा हवेपेक्षा ७० अंशांनी गरम असेल तर त्याचा स्वतःचा वेग सेकंदाला २२ सेंटीमीटरच्या घरात येतो. फुंकर कुठे कमी पडते आणि कुठे जिंकते, ते या आकड्याशी ताडून पाहता येईल. सांडशी फडक्याने धरा, एवढं सांगायला हरकत नाही.

आता एक चकवणारी गोष्ट. वर जाणाऱ्या वाऱ्यात कडं मोडलं, मागचा पट्टा सडसडीत झाला, म्हणजे गोळ्यावरची प्रवाहाची ओढ कमी झाली असेल असं वाटतं. मंद प्रवाहात होतं उलटं: ओढ वाढते. एक तर अंगाला लागून जाणारी हवा आता जास्त वेगाने घासतेय. दुसरं म्हणजे गोळ्याच्या वरची गरम धार धुराड्यासारखं काम करते. हलक्या हवेचा तो खांब गोळ्याच्या माथ्यावरचा दाब उतरवतो आणि गोळा वर खेचला जातो. मागचा भोवरा लहान म्हणजे ओढ कमी, हा ठोकताळा गाड्यांच्या आणि चेंडूंच्या जगातला. उष्णता मध्ये आली की तो जसाच्या तसा वापरू नये.

पाण्यात आकडे वेगळे पण खेळ तोच. पाण्याचं तापमान ३० अंशांच्या आसपास असताना १० अंशांचा फरक त्याला जेमतेम ०.३ टक्के हलकं करतो. एवढ्याशाने काय होणार असं वाटेल, पण एक सेंटीमीटरच्या गोळ्यासाठी स्वतःचा वेग सेकंदाला १.७ सेंटीमीटर निघतो. सेकंदाला दोन सेंटीमीटरने वाहणाऱ्या पाण्यात तो भरपूर झाला. तिथे रेनॉल्ड्स संख्या २५० येते, म्हणजे थंड गोळ्यामागे दुहेरी धागे असायला हवेत, आणि रिचर्डसन अंक ०.७ च्या वर. त्यामुळे पाण्याच्या टाकीत मागच्या भोवऱ्यांचा प्रयोग करणाऱ्याने गोळा आणि पाणी यांचं तापमान एकच आहे ना, हे आधी पाहिलेलं बरं. आणि पाण्याची एक खास खोड: ४ अंशांना त्याची घनता सर्वात जास्त असते. त्या तापमानाला थोडंसं तापवलं काय, थोडंसं गार केलं काय, हलकेपणात जवळजवळ फरकच पडत नाही. ४ अंशांच्या खाली तर तापवलेलं पाणी जड होऊन खाली जातं. वर सांगितलेली प्रत्येक दिशा तिथे उलटी वाचायची.

संगणकावर हे सोडवणारे बहुतेक जण घनतेतला बदल फक्त वजनाच्या हिशेबात धरतात, बाकी सगळीकडे घनता कायम मानतात. फ्रेंच गणितज्ञ बूसिनेस्क यांच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. पाण्याच्या ०.३ टक्क्यांसाठी ती उत्तम. हवा १५ टक्के हलकी झाल्यावर ती ताणली जाते. त्यात तापल्यावर पाण्याचा चिकटपणा घटतो आणि हवेचा वाढतो, तेही धरावं लागतं.

सगळीकडे हे बघायची गरज नाही, आणि कुठे नाही हे सांगणंही उपयोगाचं. ढगात वाढणारी गारपिटीतली गार भोवतालच्या हवेपेक्षा थोडी उबदार असते, कारण तिच्यावर अतिशीत (शून्याखाली जाऊनही न गोठलेले) थेंब गोठताना उष्णता बाहेर पडते. पण दोन सेंटीमीटरची गार सेकंदाला १५-२० मीटरने पडते आणि पाच अंशांच्या फरकाचा स्वतःचा वेग सेकंदाला सहा सेंटीमीटर. रिचर्डसन अंक एक लाखांशाच्या आसपासच राहतो. तिच्यामागचे भोवरे ऊब ओळखतही नाहीत.

उलट टोकाला आहे खोलीतला मंद वारा मोजायचं यंत्र. एसी बसवणारे आणि तपासणारे लोक गरम मण्याचं ॲनेमोमीटर वापरतात. तीनेक मिलीमीटरचा मणी, हवेपेक्षा समजा २५ अंशांनी गरम राखलेला. वारा जितका जास्त तितका मणी गार होणार, म्हणून त्याला गरम ठेवायला जितकी वीज लागते तिच्यावरून वेग काढायचा. मणी गोल असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी वाचन सारखंच येईल, ही त्यामागची कल्पना. एक मीटर वेगाला ती खरी ठरते. पण या मण्याचा स्वतःचा वेग सेकंदाला पाच सेंटीमीटर आहे, आणि माणसाला झोत बोचायला लागतो तो वेग असतो वीस सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे मोजायची गोष्ट आणि मापकाने स्वतः उठवलेला वारा एकमेकांपासून फार लांब नाहीत. अगदी बंद खोलीतही मणी आपल्याच गरम धारेने गार होत राहतो.

वर जाणाऱ्या हवेत ही धार साथ देते आणि वाचन निमूटपणे वाढत जातं. खाली येणाऱ्या हवेत मात्र गंमत होते. वेग शून्यातून वाढवत नेला की आधी मणी कमी गार होतो, कारण वारा त्याची धार दाबून टाकतो आणि मणी गरम हवेच्या टोपात अडकतो. दोन्ही वेग बरोबरीला आले की गार होणं सर्वात कमी, आणि त्यापुढे ते परत वाढतं. म्हणजे विजेचा एकच आकडा दोन वेगवेगळ्या वेगांना येऊ शकतो. छताच्या जाळीतून एसीची थंड हवा खालीच येते, त्यामुळे ही अडचण नेमकी तिथेच भेटते.

मणी कमी तापवून सुटका होते का? थोडीशी. तापमानाचा फरक निम्मा केला तर स्वतःचा वेग तीसेक टक्क्यांनीच उतरतो, कारण मध्ये वर्गमूळ आहे. विजेचा संकेत मात्र निम्मा होतो आणि खोलीच्या तापमानातले चढउतार त्याला झाकू लागतात. मणी एक मिलीमीटरचा केला तर स्वतःचा वेग तीन सेंटीमीटरच्या खाली येतो, पण मग तो चिमटीत धरायलाही जपावं लागतं.